बाहुलीची मान दरवर्षी ढिली होते? ती कोणत्या महिन्यात सुटली ते आधी आठवा

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून पत्र्याचा डबा खाली घेतला आणि तो हातात हलल्याबरोबर आतून खुळखुळ्यासारखा आवाज आला. आत लाकडाच्या बाहुल्या होत्या. महालक्ष्म्यांच्या मखराला आणि नंतर महिनाभर भुलाबाईभोवती टांगलेल्या, कोजागिरीला मी स्वतः जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेल्या. 14 बाहुल्यांपैकी 9 जणींची मान हलत होती. दोघींचं डोकं तर सुटून डब्याच्या तळाशी पडलं होतं. लागोपाठ तिसऱ्या वर्षी हेच झालं होतं. आधीच्या दोन्ही वर्षी मी मुकाट्याने पुन्हा गोंद लावून डोकी चिकटवली होती, आणि त्याच बाहुल्या त्याच जागी पुन्हा सुटल्या होत्या.

माझ्यासारखं घरातल्या उरल्यासुरल्या वस्तूंतून काम करणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. मोडकं लाटणं, पलंगाच्या पायाचे तुकडे, वाढ्याच्या (सुताराच्या) दारातल्या ढलप्या, ब्लाउज शिवून उरलेला काठ, फुटक्या माळेचे मणी. या बाहुल्यांना खर्च असा लागत नाही, पण वेळ भरपूर लागतो. एका बाहुलीचे डोळे आणि कुंकू नीट यायला माझी अख्खी दुपार जाते, म्हणून ती वर्षभरात मोडली की जिवाला लागतं. आता तीन वर्षं झाली, माझी एकही मान सुटलेली नाही. काय बदललं ते सविस्तर लिहिते.

माझ्या बाहुलीची बांधणी अशी: बोटभर उंचीचं धड, त्याच्या वर छिद्र, तसंच छिद्र डोक्याच्या खाली, आणि दोन्हीत अर्धी-अर्धी बसणारी काडीएवढी खुंटी. टांगायला डोक्यावर आकडा. तुमची बांधणी वेगळी असली तरी दोन लाकडं जिथे जोडली आहेत तिथे हेच लागू पडेल.

दोष गोंदाचा नव्हता

दोन्ही वेळा मी गोंद बदलला होता. शेवटी ती दोन सुटी डोकी ओच्यात घेऊन आमच्या गावच्या वाढई बाबाजींकडे गेले. त्यांनी खुंटी बोटांत फिरवून पाहिली, छिद्रात घालून हलवली आणि म्हणाले, "सूनबाई, गोंदाले काऊन दोष देता? कुऱ्हाडीचा दांडा ढिला होते तं आपण काय करतो?"

"पाण्यात बुडवून ठेवतो, बाबाजी."

"मंग? अन् दोन दिसानं पुन्हा?"

पुन्हा ढिला होतो, आधीपेक्षा जास्त. वावरात काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पाण्याने दांडा फुगतो, पण लोखंडाचं भोक काही मोठं होत नाही, म्हणून दांड्याचे धागे आतल्या आत दाबले जाऊन चिरडतात. वाळल्यावर तो आधीपेक्षाही बारीक होतो. बैलगाडीच्या चाकाची धाव उन्हाळ्यात ढिली होते तेही यामुळेच. बाहुलीच्या मानेत हेच घडत होतं, फक्त लोखंडाऐवजी भोवती लाकूडच होतं आणि पाण्याच्या बादलीऐवजी आपला पावसाळा होता.

लाकूड तोडल्यावर आणि वाळल्यावरही हवेतलं पाणी घेत-सोडत राहतं. आपल्याकडे विदर्भात हा फरक फार मोठा आहे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, पारा 45-46 अंशांवर असतो, हवा कोरडी ठाक, तेव्हा लहान तुकड्यात वजनाच्या 5-6 टक्क्यांच्या आसपासच पाणी उरतं. श्रावण-भाद्रपदात झड लागली की तोच तुकडा 16-18 टक्क्यांपर्यंत जातो. या पाण्याने लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, आडवं वाढतं. त्यातही वर्षाच्या गोल रेषांच्या दिशेने जितकं वाढतं, त्याच्या निम्मंच गाभ्यापासून सालीच्या दिशेने वाढतं. सागवानासारख्या शांत लाकडाचं 30 मिलिमीटर जाडीचं डोकंसुद्धा मे ते ऑगस्टमध्ये एका बाजूने अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फुगतं आणि दुसऱ्या बाजूने त्याच्या निम्मं. म्हणजे मेमध्ये गोल पाडलेलं छिद्र भाद्रपदात गोल राहत नाही. खुंटी तिच्या दिशेने फुगते, छिद्र आपल्या दिशेने, आणि मधला गोंदाचा पापुद्रा दोन्हीकडून ओढला जातो.

म्हणून मी आता सुटलेली बाहुली हातात घेतली की पहिला प्रश्न हाच विचारते: ही कधी सुटली?

पावसाळ्यातच, टांगलेली असताना डोकं निघून आलं, तर गोंद मुळात धरलाच नव्हता, किंवा ओलीने मऊ पडला. सुताराचा पांढरा गोंद साधा असेल तर सततच्या दमटपणात तो नरम होतो. पाणी सोसणारा त्यातलाच वेगळा प्रकार मिळतो, तो घ्या.

पावसाळा नीट काढला आणि कोजागिरी ते संक्रांतीच्या मधे मान डुगडुगू लागली, तर खुंटी चिरडली गेली आहे, किंवा बाहुली पावसाळ्यात ओल्या लाकडाची केली होती. माझ्या 9 जणींचं दुखणं हे होतं.

आणि उन्हाळ्यात मान सुटून सोबत धडालाही उभी भेग गेली असेल, तर तुकडा वापरला तेव्हा तो आतून हिरवा होता. याला दुरुस्ती फारशी नाही, त्याबद्दल पुढे सांगते.

सुटलेल्या जागेकडे नीट बघा

खिडकीजवळ जा, खुंटी डोळ्यांजवळ धरा आणि नखाने हळूच घासा.

गोंद एका बाजूला काचेसारखा गुळगुळीत, चकचकीत निघाला आणि समोरचं लाकूड स्वच्छ दिसत असेल, तर तिथे गोंद चिकटलाच नव्हता. सागवानाच्या तुकड्यांत हे फार होतं. सागवानात स्वतःचं तेल असतं आणि कापून ठेवलेल्या तुकड्यावर ते वर येतं. माझ्या पहिल्या बाहुल्या पलंगाच्या जुन्या पायांच्या होत्या, म्हणजे वर्षानुवर्षांच्या पॉलिशचा आणि हातांच्या तेलाचा थरही त्यांच्यावर होता.

गोंद पांढरा आणि खडूसारखा भुरभुरीत असेल, तर काम थंडीत झालं होतं. पौषात आपल्याकडे रात्री पारा 10 अंशांच्या खाली उतरतो, तेवढ्या गारठ्यात पांढऱ्या गोंदाचा सलग पापुद्रा बनत नाही. थंडीत गोंदाचं काम सकाळी ऊन आल्यावर करायचं आणि जोडलेल्या बाहुल्या रात्री घरात, भिंतीपासून दूर ठेवायच्या. उन्हाळ्यात उलटं होतं. भर दुपारी गरम झळांत गोंद लावून डोकं बसवेपर्यंत वरच्या वर साय धरते. बसवलं तरी आत ओली पकड नसते. मेमध्ये मी गोंदाला पहाटेच हात लावते.

खुंटीला लाकडाचे धागे फाटून चिकटलेले असतील तर समाधान माना. गोंदाने आपलं काम चोख केलं, लाकूड फाटलं. इथे गोंद बदलून काहीही होणार नाही.

खुंटी दाबल्यावर पोचट, पिंजल्यासारखी लागली, कडा गोल झालेल्या दिसल्या आणि छिद्रात ती सगळीकडून सारखीच सैल असेल, तर हाच तो कुऱ्हाडीचा दांडा.

आणखी एक, जे मला फार उशिरा कळलं. छिद्राच्या तळाला गोंदाचा गोळा साचलेला दिसतो का? खुंटी अगदी घट्ट बसत असेल तर खाली अडकलेली हवा आणि गोंद तिला पिचकारीसारखा वर ढकलतो. आपण बोटाने दाबून धरतो, सोडलं की ती केसभर वर येते, आणि वाळल्यावर खाली पोकळी राहते. खुंटीच्या अंगावर ब्लेडने एक उभी खाच मारली की हवेला आणि जास्तीच्या गोंदाला वाट मिळते. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे, कधीही टाळू नका.

दुरुस्ती

जुन्या गोंदावर नवा गोंद कधीच लावू नका. पांढरा गोंद एकदा वाळला की दुसरा थर त्याला धरत नाही, नुसता वर बसतो. दोन वर्षं माझ्या बाहुल्या पुन्हापुन्हा सुटल्या त्या यामुळे.

कापसाचा बोळा कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून भिजवायचा आणि जोडाच्या जागी दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा. गोंद दह्यासारखा मऊ होतो. जुनी सुई किंवा ब्लेडच्या पाठीने तो खरवडून काढायचा, चेहऱ्याला आणि कपड्याला ओल लागू द्यायची नाही. मग लगेच जोडायचं नाही. आपण आत्ताच त्या लाकडाला पाणी पाजलं आहे. निदान आठ दिवस सावलीत, वाऱ्याला राहू द्या. मी एकदा घाईत दुसऱ्याच दिवशी जोडलं आणि महिन्याभरात तीच मान पुन्हा हलली.

लाकूड वाळलं की छिद्र किंचित मोठं, स्वच्छ आणि गोल करून घ्यायचं. चिरडलेली खुंटी टाकून द्यायची. नवी खुंटी त्याच जातीच्या लाकडाची, तिच्या रेषा तिच्या लांबीत जातील अशी चिरून घ्यायची, कापून नाही. कोयत्याने चिरलेल्या काडीत धागा अखंड राहतो. बांबूची खुंटीही चांगली, पण बांबूची बाहेरची हिरवी-पिवळी चकाकी गोंद धरत नाही, ती पूर्ण तासून आतलंच अंग घ्या.

खुंटी किती घट्ट असावी? बोटाने दाबून आत जावी, हातोडीची गरज पडू नये, आणि बाहुली उलटी धरली तर कोरडी खुंटी स्वतःहून पडू नये. छिद्र थोडं मोठं झालं असेल तर मी खुंटीला गोंदात भिजवलेलं कापसाचं साधं सूत एक थर गुंडाळते. सूत गोंद पितं आणि जागाही भरतं. मशीनचा चकचकीत पॉलिस्टर दोरा इथे चालत नाही.

छिद्र फारच वेडंवाकडं झालं असेल तर आधी ते भरून, वाळवून मग नव्याने पाडावं लागतं. भरायला चिंचोक्याचा लगदा मला सगळ्यांत आवडतो. चिंचोके भाजून, टरफल काढून दळायचे, पीठ पाण्यात शिजवून खळ करायची आणि त्यात त्याच लाकडाचा चाळलेला भुसा मळायचा. आंध्रातल्या कोंडपल्लीचे कारागीर त्यांच्या बाहुल्यांचे वेगवेगळे कोरलेले हातपाय चिंचोके आणि भुशाच्या अशाच लगद्याने जोडतात. तो वाळताना आक्रसतो, म्हणून एकदम ठासून न भरता दोन-तीन थरांत भरा आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या.

सागवान असेल तर जोडायच्या आधी दोन्ही अंगं पॉलिश पेपरने ताजी घासा, पॉलिशवाल्याकडे मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये चिंधी बुडवून पुसा आणि स्पिरिट उडालं की लगेच, त्याच तासात गोंद लावा. उद्यावर ठेवलं तर तेल पुन्हा वर येतं. स्पिरिटचं काम चुलीपासून आणि देवाच्या दिव्यापासून लांब, अंगणात करा.

गोंद लावून बसवल्यावर माझ्या बाहुल्या रात्रभर सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधलेल्या असतात. दाब हवा, पण डोकं तिरपं होऊ नये, म्हणून तासाभराने एकदा बघून घेते.

पुढच्या बाहुल्यांना हे होऊ नये म्हणून

इथे सगळ्यांत जास्त लक्ष द्यायचं ते लाकूड वाळण्याकडे, आणि वाळलं की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. मी स्वयंपाकघरातल्या लहान वजनकाट्यावर प्रत्येक तुकडा मोजते आणि पेन्सिलने त्याच्या अंगावरच वजन आणि तारीख लिहिते. दर रविवारी पुन्हा मोजायचं. आंब्याच्या फांदीचा एक तुकडा माझ्याकडे 84 ग्रॅमचा आला होता. तो उतरत उतरत सहाव्या आठवड्यात 61 ग्रॅमवर थांबला आणि पुढचे दोन रविवार तिथेच राहिला. वजन थांबलं म्हणजे तुकडा आजूबाजूच्या हवेशी जुळला. ज्या तुकड्यातून तेवीस ग्रॅम पाणी गेलं, त्याची बाहुली मी पूर्वी आठव्या दिवशी करत होते.

वाळवण उन्हात घालायचं नाही. पापड आणि लाकूड यांत फरक आहे. उन्हात तुकड्याची टोकं आधी वाळतात, आतलं अंग ओलंच राहतं आणि टोकांना तडे जातात. तुकडे सावलीत, वारा खेळेल असे ठेवा आणि दोन्ही टोकांना उरलेल्या मेणबत्तीचं वितळलेलं मेण लावा, म्हणजे पाणी अंगातून हळूहळू निघेल. गोंद लावायच्या वेळी ते मेण पूर्ण कापून टाकायला विसरू नका.

आता कूलरबद्दल. यात मी स्वतः वर्षभर चकले. मेमध्ये मी कूलरच्या खोलीत बसून काम करत होते, तुकडेही तिथेच. बाहेर लाकूड कडकडीत होईल अशी हवा, पण कूलर दिवसभर ओलसर वारा फेकत होता, आणि त्याचे ताटवे, म्हणजे गवताच्या जाळ्या, ताजे भिजवले की जास्तच. म्हणजे माझं "मेमधलं कोरडं लाकूड" खरं तर अर्ध्या पावसाळ्याच्या हवेतलं होतं. ती बाहुली मग पॅकिंगसाठी ओसरीत ठेवली की दोन दिवसांत आक्रसायची. आता वाळलेले तुकडे झाकणाच्या डब्यात ठेवते आणि गरजेपुरतेच बाहेर काढते.

त्याच्या उलट, अगदी कडकडीत कोरड्या लाकडात घट्ट खुंटी बसवणंही बरोबर नाही, कारण पावसाळ्यात ती फुगून स्वतःलाच चिरडते. मला स्वतःला जोडकामासाठी सगळ्यांत चांगले महिने वाटतात ते दिवाळीनंतर माघापर्यंतचे. तेव्हा लाकडातलं पाणी उन्हाळा आणि पावसाळा यांच्या मधोमध असतं, म्हणून त्याला दोन्हीकडे थोडं थोडंच जावं लागतं. कोरीवकाम, घासकाम उन्हाळ्यात करा, पण माना हिवाळ्यात, दुपारच्या उबेत बसवा.

डोकं आणि धड एकाच तुकड्यातून, रेषा एकाच दिशेने, असे घ्या. आधी मी डोकं कुठल्या तुकड्यातून, धड कुठल्या तुकड्यातून घेत होते. एक सागवान, दुसरा आंबा. दोघांची चाल वेगळी, मग भांडण मानेत. तुकडा कापायच्या आधी त्यावर उभी पेन्सिलची रेघ ओढते, आणि जोडताना डोक्यावरची व धडावरची रेघ एका ओळीत आणते.

जमेल तिथे मानच ठेवू नका. आमच्या घरी सासूबाईंच्या लहानपणचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी आहे. त्याची चाकं दोनदा बदलली, पण मान जशीच्या तशी आहे, कारण डोकं, वशिंड आणि धड एकाच ओंडक्यातून कोरलेलं आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं असे नंदी ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला जातात, दगडधोंड्यांवरून, चिखलातून. वेगळं जोडलेलं मुंडकं त्यात टिकलंच नसतं. तेव्हापासून मीही लहान बाहुल्या एकाच काडीच्या करते, मानेच्या जागी चाकूने गोल खाच काढून. जोड फक्त मोठ्या बाहुल्यांना.

लाकूड कोणतं? शिवण मिळालं तर दुसरं काही बघू नका. हलकं, फिकट, चाकूला मऊ आणि हवेला फारसं न हलणारं. हळदूचा पोत एकसारखा बारीक असतो, चेहरा छान उठतो. काळा कुडाही चांगला, कर्नाटकातल्या चन्नपट्टणची रंगीत खेळणी त्याच झाडाच्या लाकडाची होतात. हे सगळं मी वाढ्याच्या ढलप्यांतून वेचते, जंगलात कोयता घेऊन जायचं काम नाही. आंबा चालतो, पण पूर्ण वाळवूनच. बाभूळ जड आणि चिवट, लहान टांगत्या बाहुलीला नको.

गोल फांदीचीच बाहुली करायची असेल, सालीसकट, तर ती फुटणारच हे धरून चाला. गोल रेषांच्या दिशेने लाकूड दुप्पट आक्रसतं, आणि गाभा मधे असला की ते आक्रसायला जागा नसते, मग कुठेतरी उभी फट पडते. ती कुठे पडावी हे मात्र आपल्याला ठरवता येतं. ओली असतानाच फांदीच्या पाठीकडून गाभ्यापर्यंत करवतीने एक उभा काप द्यायचा. पुढचं सगळं आक्रसणं त्या कापातच रुंद होतं आणि चेहऱ्याकडची बाजू अखंड राहते. बाहुलीला लुगडं नेसवलं की पाठीवरचा काप पदराखाली जातो. आधी ज्यांना उन्हाळ्यात उभी भेग गेली म्हटलं, त्यांच्यासाठीही एवढंच करता येतं. भेग पाठीकडे वळवून नवा चेहरा दुसऱ्या अंगावर काढा. भेग लगद्याने बुजवू नका, पावसाळ्यात लाकूड फुगलं की भरलेला लगदा पाचरीसारखा आतून फाडतो.

चेहऱ्याचा रंग पोपडे होऊन निघत असेल तर

बहुतेक वेळा चेहरा कापलेल्या टोकावर काढलेला असतो. लाकडाची टोकं म्हणजे नळ्यांची तोंडं, पाणी तिथून सगळ्यांत जास्त आत-बाहेर करतं. चेहरा नेहमी अंगाच्या बाजूला, उभ्या रेषांवर काढा.

दुसरं कारण आपले हात. सकाळी डोक्याला तेल लावून, वेणी घालून आपण कामाला बसतो आणि त्याच बोटांनी घासलेलं डोकं धरतो. रंग त्या बोटांच्या ठशांवरूनच आधी सुटतो. एका बाहुलीच्या गालावर मला चक्क माझ्या अंगठ्याच्या आकाराचा पोपडा सापडला. बेसन लावून हात धुवा, आणि घासलेल्या लाकडाला नंतर सुती फडक्यानेच धरा.

रंग आठ-दहा दिवसांनीही चिकट राहत असेल तर ते सागवान आहे आणि तुम्ही तेलरंग लावला आहे. सागवानाचं तेल तेलरंगाला वाळू देत नाही. सगळा रंग पुसून, स्पिरिटने लाकूड स्वच्छ करून आधी चपड्याचा, म्हणजे लाखेचा, पातळ हात द्या. फ्रेंच पॉलिशसाठी चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतात, तेच. गाठीतून वर येणारा पिवळट डागही चपडा अडवतो. ही लाख आपल्या गोंदिया-गडचिरोलीकडे पळस-कुसुमावरही होते, म्हणून ती वापरताना मला विशेष आनंद होतो. मात्र झडीच्या दिवसांत चपडा लावला की तो दुधाळ पांढरा पडतो, हवेतलं पाणी त्यात अडकतं. तसं झालं तर घाबरू नका. उघाड पडून ऊन आलं की स्पिरिटने किंचित ओलसर केलेली चिंधी त्यावरून एकदाच हलक्या हाताने फिरवा, पांढुरकेपणा जातो.

शाळेच्या पोस्टर रंगांनी डोळे काढत असाल तर ते पाण्याने कायम विरघळतात, दमट बोटानेसुद्धा पसरतात. कपड्यावर लावायचे अॅक्रेलिक रंग घ्या.

आकडा, खिळा, किडा

डोक्यात फिरवून बसवलेला आकडा उपटून येतो, कारण तो लाकडाच्या टोकात, रेषांच्या दिशेने बसवलेला असतो. तिथे आट्यांना धरायला काही नसतं. डोक्यात आरपार आडवं बारीक छिद्र पाडून त्यातून तार ओवा. तारेसाठी गावातल्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात जळालेल्या पंपाची तांब्याची तार मागा, मूठभर सहज देतात. तिचा वरचा लाखेसारखा थर घासून टाकला की लालसर चकाकते आणि बाहुलीला शोभते. लोखंडी खिळा किंवा तार नको. सागवान, बाभूळ यांच्यातल्या तुरट रसाशी लोखंडाचा ओलीत संयोग झाला की भोवती शाईसारखा काळा डाग पसरतो आणि तो घासून जात नाही.

टांगलेल्या बाहुलीखाली पिठासारखी बारीक भुकटी पडलेली दिसली आणि अंगावर टाचणीएवढी छिद्रं असतील तर किडा लागला आहे. हा किडा लाकडाच्या बाहेरच्या फिकट भागातल्या आणि बांबूतल्या पिठूळ अंशावर जगतो. ती बाहुली आधी बाकीच्यांपासून वेगळी करा. मी प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवते, मग पिशवीतच बाहेरच्या हवेला येऊ देते. नवीन तुकड्यांना टाकणखाराचं पाणी लावतात, पण लहान मुलं तोंडात घालतील अशा बाहुलीला मी ते लावत नाही.

काठाचा कपडा गोंदाने चिकटवण्याऐवजी शिवा. मैद्याची खळ लावली तर झुरळं येतात, आणि पांढरा गोंद पातळ सुती कपड्यातून वर येऊन काळपट ठिपके पडतात. शिवलेलं लुगडं वर्षाने काढून धुता येतं, आणि मानेला काही झालं तर आत बघताही येतं.

या वर्षी माळ्यावर बारा तुकडे आहेत, सहा शिवणीचे, पाच आंब्याचे आणि एक हळदूचा. शिवणीचं वजन मागच्या तीन रविवारांपासून थांबलंय. आंब्याचे दोन अजून उतरताहेत, त्यांना मी वजन थांबेपर्यंत हात लावणार नाही.